सेटलमेंटची शारदा

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या कासलबारमध्ये मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या प्रत्येक घरात शारदा बर्वेबद्दल एक मत ठरलेलं: बाई हुशार, पण नसती उठाठेव फार. नवरा उपेंद्र मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी कौमुदी शाळेत पहिल्या पाचांत, स्वतः शारदा इथल्या परीक्षा देऊन सॉलिसिटर झालेली. अशा बाईनं डब्लिनच्या एखाद्या काचेच्या ऑफिसात बसावं की नाही? ते सोडून ही ट्रॅव्हलर पोरांच्या कोर्टकचेऱ्या करत चिखलातून हिंडते. बरं, हिंडते तर हिंडू दे, तुमच्या घरी येऊन चिखल पुसते का? पण बोलणाऱ्यांचं तोंड कोणी धरलंय.

ट्रॅव्हलर म्हणजे प्रवासी नव्हेत, हे आधी सांगून टाकलेलं बरं. आयर्लंडमधलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे, हे भटके लोक. पूर्वी घोडागाडीतून गावोगाव फिरायचे, पत्र्याची भांडी करायचे, घोड्यांचे सौदे करायचे. आता कोणी घरात राहतं, कोणी कॅरॅव्हॅनमध्ये. मुलुखात दिसतात मूठभर, पण पोरांना जिथं कोंडतात तिथं गेलं की त्यांची पोरं हटकून भेटतात. अशा पोरांसाठी निघालेल्या एका लहानशा कायदा सेवेची शारदा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर मदतीला ईफा नावाची एक आयरिश मुलगी, एक किटली आणि डिकीत कायम गमबूट असलेली गाडी.

विनी या ट्रॅव्हलर म्हातारीची आणि तिची पहिली भेट झाली ती करोनाच्या पहिल्या वर्षी, ऑक्टोबरात. विनीच्या नातीवर, सोळा वर्षांच्या नोरावर, केस झाली होती. दुकानदारानं दारातच अडवलं, ढकलाढकली झाली, काच फुटली. नोराला आईबाप नाहीत, लहानाची मोठी केली ती आजीनं. म्हणून शारदा आजीला भेटायला गेली. गावाबाहेर जुन्या रस्त्याच्या कडेला कॅरॅव्हॅन, भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, दारात विनी. तिनं शारदाला नखशिखान्त न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "यू सेटल्ड?"

आता हा प्रश्न मराठी माणसाला विचारल्यावर तो काय सांगणार? आपला तर जन्मच मुळी सेटल होण्यासाठी असतो. मुलगा सेटल झाला का, तिकडे नीट सेटल झालात का, आता मुलीचं सेटल झालं की सुटलो. शारदाला वाटलं, चला, म्हातारी आपुलकीनं विचारतेय. तिनं हसून सांगितलं, हो तर, चांगले सेटल आहोत, घर घेतलंय, नवऱ्याची नोकरी पक्की आहे. विनीनं सगळं ऐकून घेतलं, "ग्रँड", म्हणजे ठीक, म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गाडीत ईफाची हसून हसून मुरकुंडी वळली. "अगं, सेटल्ड म्हणजे आम्ही," ती म्हणाली. "ट्रॅव्हलर नसलेले सगळे. घरात राहणारे. त्यांना हाकलणारे. आणि तू तिला छातीठोकपणे सांगितलंस, मी त्यांच्यातलीच."

शारदाला मात्र हसू आलं नाही. तिच्या आयुष्यात या शब्दाचा तिसरा अर्थ होता, आणि तो तिनं नवऱ्याखेरीज या देशात कोणालाही सांगितला नव्हता.

शारदाचा जन्म सोलापूरचा, सेटलमेंटमधला. हे त्या वस्तीचं नावच. इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणाआड आणून टाकलं, त्या जागेला नाव दिलं सेटलमेंट. शारदाचे लोक कैकाडी. गावोगाव फिरून टोपल्या विणणारे. तिची आजी त्या तारेच्या आत वाढली. रोज रांगेत उभं राहून हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर चिठ्ठी मागायची. स्वातंत्र्यानंतर तार तुटली, वस्तीचं नाव तेवढं चिकटून राहिलं. चोरी कुठंही होवो, पोलीस आधी सेटलमेंटमध्ये यायचे. शारदाच्या बापाला दोनदा असंच उचलून नेलं होतं, आणि ती वकील झाली ती त्याच रागापायी.

राग होता, तरी लाजही होतीच. लग्नानंतर आडनाव बर्वे झालं आणि पुढचे प्रश्न आपोआप मिटले. कोणी विचारलं तर "सोलापूर" एवढंच सांगायचं. मग समोरचा चादरी आणि शेंगाचटणीवर घसरायचा.

दुसऱ्या दिवशी शारदा एकटीच विनीच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, काल मी चुकीचं सांगितलं. आणि मग पावसात, गमबूट घालून, जे सख्ख्या मैत्रिणींना सांगितलं नव्हतं ते तिनं एका परक्या म्हातारीला सांगितलं: तार, हजेरी, बाप, सगळं. विनीनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "मग तू कसली सेटल्ड गं माझे बाई," आणि किटली ठेवायला आत वळली.

चहा काळाकुट्ट आणि साखर घालून घालून पाक झालेला. शारदाला तो फार आवडला. तिच्या आईचा चहा अस्साच असायचा.

आई सोलापुरातच होती, ऐंशीला टेकलेली, धाकट्या भावाकडे, श्रीरामकडे. दर रविवारी व्हिडिओ कॉल. श्रीराम फोन धरायचा, आई स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन बसायची, त्यामुळे शारदाला बहुतेक वेळा आईचं कपाळच दिसायचं. आणि आई बोलायची ती कैकाडीत. शारदाला शब्दन्‌शब्द कळायचा. उत्तर मात्र ती द्यायची मराठीत.

याला कारण आईच. शारदा पहिलीत असताना वर्गात तिच्या तोंडून कैकाडी शब्द गेला आणि सगळा वर्ग हसला. बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. घरी येऊन सांगितलं तर आईनंच थोबाडीत ठेवून दिली. "आजपास्नं ही बोली बोललीस तर तोंड डागीन." तेव्हापासून आई लेकीशी मोडकंतोडकं मराठी बोलू लागली आणि लेक शुद्ध मराठी शिकत गेली. म्हातारपणी आईचं मराठी झिजत गेलं. उरली ती आपली बोली. आणि आता दर रविवारी एकच हट्ट: "येक डाव आपल्यातलं बोल की गं. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"बोलेन गं. आले की बोलेन," शारदा म्हणायची.

बोलायचं नव्हतं असं नाही. जीव तुटायचा तिचा. अंघोळीला गेली की पाण्याच्या आवाजात ती एकेक शब्द तोंडात घोळवून बघायची. पण कॉल लागला की जीभ टाळूला चिकटायची. पहिलीतली ती थोबाडीत अजून गालावर होती, आणि मारणारी समोर बसून म्हणत होती, बोल. कधी कधी शारदाला आईचा संतापही यायचा. तोडलंस ते तूच ना?

कौमुदी बाजूला बसून हे सगळं बघायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की इंग्लिश, तेही अस्सल मेयोच्या हेलाचं. आई विचारणार, डबा कुठाय, आणि ही सांगणार, "इट्स इन द प्रेस, मॅम." प्रेस म्हणजे इथं कपाट, आणि मॅम म्हणजे आई. उपेंद्र म्हणायचा, आमच्याकडे तीन पिढ्या आहेत आणि तीन भाषा, पण कोणाचं कोणावाचून अडत नाही. शारदा मनात म्हणायची, तुझं अडत नाही.

जानेवारीत झूमवर हळदीकुंकू झालं. डब्लिनजवळच्या सँडीफोर्डच्या अलकनंदाताईंनी पुढाकार घेऊन साऱ्या आयर्लंडच्या मराठी बायका गोळा केल्या. उखाणे झाले, साड्या दाखवून झाल्या आणि गाडी शारदाच्या कामावर आली. अलकनंदाताई तशा मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "अगं, चोरटी जमात ती. आपल्याकडच्या कैकाड्यांसारखी. तू कशाला त्यांच्यात?"

सगळं बळ एकवटून शारदा म्हणाली, "अलकनंदाताई, मी कैकाडी आहे. माझी आई कैकाडी, माझी आजी कैकाडी."

पडद्यावरच्या चौकोनांत बायका तशाच हसत होत्या. अलकनंदाताईंनी कानाला हात लावला. "शारदा, तू म्यूटवर आहेस गं."

तिनं बटण दाबलं. आता पुन्हा म्हणायचं होतं. "काही नाही," ती म्हणाली, "हलव्याचे दागिने छान झालेत म्हटलं." आणि लॅपटॉप मिटून ती न्हाणीघरात जाऊन रडली.

त्याच महिन्यात विनीला करोना झाला. वाचली, पण फुप्फुसं गेली ती गेलीच. कॅरॅव्हॅनमध्ये ऑक्सिजनचं यंत्र आलं. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं: नोराच्या केसचं समन्स पाठवलं गेलं ते पूर्वी ज्या वस्तीवरून त्यांना उठवलं होतं तिथल्या पत्त्यावर. तारीख कळलीच नाही, नोरा हजर झाली नाही, वॉरंट निघालं. पोरीला पकडून डब्लिनपलीकडे, मुलांना ठेवतात तिथं नेलं. जामिनाचा पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर राहायला पक्का पत्ता नाही, सोडली तर पुन्हा सापडायची नाही. म्हणजे तुम्ही हाकललंत म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून कोंडायचं. सोलापूर काय नि मेयो काय, चूल बदलली तरी धूर तोच.

विनी दम घेत घेत बोलायची. ट्रॅव्हलरांची आपली एक बोली आहे, कॅन्ट म्हणतात तिला. विनीची मुलं, बाकीची नातवंडं ही बोली विसरली होती. एकट्या नोराला येत होती. "मला मरायचं भय नाही," विनी म्हणाली. "पण बोलता येतंय तोवर तिला आण. माझ्याशी त्या भाषेत बोलणारं दुसरं कोणी उरलं नाही. फोनवर ती बोलत नाही, तिथं माणसं ऐकत असतात ना, तिला लाज वाटते."

शारदानं मास्क वर ओढला, म्हणजे डोळ्यांपर्यंत. "आणते," ती म्हणाली. वकिलानं असा शब्द द्यायचा नसतो. तिनं दिला.

दुसऱ्या अर्जाची तारीख लागली मे महिन्यातली. आणि तारखेच्या चार दिवस आधी श्रीरामचा फोन आला. सोलापुरात तेव्हा घराआड एक आजारी होता. "अक्का, आईला झालंय. दवाखान्यात जागा न्हाई, घरीच ऑक्सिजन लावलाय. तुला बघायचं म्हणायली. येतीस का?"

उपेंद्र म्हणाला, तू जा, मी तिकीट बघतो. तिकीट मिळतही होतं, दोह्यावरून. पण गेली तर ही तारीख बुडणार. परत आल्यावर करोनाच्या नियमानं हॉटेलात कोंडून घ्यायचं, मग पुढची तारीख, म्हणजे जून उजाडणार. विनी जून बघेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. केस दुसऱ्या कोणाला द्यावी, तर विनीनं दुसऱ्या कोणाला दारात उभं केलं नसतं, आणि जो काही पुरावा होता तो विनीच्या दारातच होता.

शारदा ओट्यापाशी उभी राहून कितीतरी वेळ एकच भांडं घासत राहिली. एकीकडे स्वतःची आई, दुसरीकडे परकी म्हातारी. कोणालाही विचारा, उत्तर सोपं आहे. तिनं श्रीरामला फोन करून सांगितलं, गुरुवारी कोर्ट झालं की त्याच संध्याकाळी निघते. श्रीराम "बरं अक्का" एवढंच म्हणाला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

गुरुवारी कोर्टात इन्स्पेक्टर उठला आणि त्यानं तेच म्हटलं: मुलीला ठावठिकाणा नाही. शारदानं साक्षीला बोलावलं होतं आरोग्य खात्याच्या नर्सला. ट्रॅव्हलरांना लस द्यायला ही नर्स रस्तोरस्ती फिरली होती. शारदानं विचारलं, "विनीबाईंना लस तुम्ही कुठं दिलीत?"

"त्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये."

"पत्ता कसा सापडला?"

"सापडायचा काय त्यात? जुन्या रस्त्याला आहे. ऑक्सिजनच्या यंत्राची देखभालही आम्ही तिथंच करतो."

शारदा जजकडे वळली. "सुई टोचायला सरकारला हा पत्ता सापडतो. समन्स द्यायलाही सापडेल."

जज म्हाताऱ्या होत्या, चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, ते मान्य. पण मुलगी तिथं राहील याची खात्री काय? आणि इथं शारदाला ते म्हणावं लागलं, जे म्हणायचं तिनं रात्रभर टाळलं होतं. कायद्यात त्याला दुसरा मार्ग नव्हता. "ती रोज गार्डा स्टेशनवर जाऊन सही करेल."

म्हणजे पोलीस ठाण्यात हजेरी. जिच्या आजीनं तारेआड रांगेत उभं राहून हजेरी दिली, तिनं आपल्या तोंडानं दुसऱ्याच्या नातीसाठी हजेरी मागून घेतली. जजनी पेन उचललं आणि विचारलं, "पत्ता काय लिहू?"

"जुना रस्ता, काटेरी झुडपांच्या कुंपणाशेजारची कॅरॅव्हॅन," शारदा म्हणाली. जजनी तसंच लिहून घेतलं आणि जामीन दिला.

नोराला कोंडलं होतं तिथल्या लोकांनी आपल्या गाडीनं तिला दुपारी आणून सोडलं. झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडली होती. शारदा गाडीत बॅग भरून तयारच होती, तिथूनच विमानतळावर जायचं होतं. नोरा उतरली, शारदाकडे बघून नुसती मान हलवली आणि पळत आत गेली. दार उघडंच राहिलं.

आतून विनीचा आवाज आला, दम लागलेला, त्या बोलीत. नोरा पटकन बोलली, त्याच बोलीत. मग विनी, मग नोरा. मध्येच दोघी हसल्या. शारदाला एक अक्षर कळत नव्हतं. ती चिखलात उभी राहून ऐकत होती आणि तिला आई हवी होती. आत्ता, या क्षणी. विमान, दोहा, मुंबई, मग सोलापूर, एवढं थांबणं तिच्यानं होईना. तिनं फोन लावला.

सोलापुरात दिवेलागण झाली होती. श्रीराम म्हणाला, "सकाळपासनं डोळं उघडलं न्हाईत अक्का. ऐकू येतंय का न्हाई कळंना. बोल तू, मी कानाला लावतो."

शारदानं तोंड उघडलं आणि बोलली. कैकाडीत. एवढ्या वर्षांनी काय बोलावं? पहिलं जे तोंडात आलं ते हे: "जेवलीस का गं?" मग, "अंगावर घेतलंयस ना काही?" मग, "मी आहे इथं, मी बोलतेय." शब्द गंजलेले होते, पण निघत होते. घरात माणसं रोज बोलतात तेच, दुसरं काही नाही.

पलीकडे ऑक्सिजनचा फुसफुस आवाज. मग आई बोलली. आवाज बारीक, लहान मुलीसारखा. शारदाला नीट कळलं नाही. श्रीराम फोनवर आला, रडत होता. "अक्का, डोळं उघडलं तिनं. पर तिला वाटायलंय, तिची आई बोलायली. आपली आज्जी. त्या बोलीत तिला 'जेवलीस का गं' असं आज्जीबिगर कोण इचारणार, सांग की."

पुन्हा आईचा आवाज आला, आता स्पष्ट. "आई, येते मी. थांबशील ना?"

मी शारदा, तुझी लेक, हे त्या बोलीत कसं म्हणायचं ते शारदाला येत होतं. अंघोळीच्या पाण्यात ते तिनं कितीदा म्हणून पाहिलं होतं. तिनं डोळे मिटले.

"थांबते," ती आईला म्हणाली. "सावकाश ये बाळा. घाई नाही."